रेझिन कन्व्हर्जन सेट वापरून जेट विमानाचं मॉडेल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कन्व्हर्जन सेट म्हणजे नेमकं काय? हेच भाग प्लॅस्टिकमध्ये का मिळत नाहीत?

प्लॅस्टिक मॉडेलच्या किटमध्ये विमानाचा एक प्रकार असतो आणि आपल्याला हवा असतो त्याचाच भाऊबंद. एक आसनी हंटरचं दोन आसनी टी.७, लढाऊ फँटमचं टेहळणी करणारं आरएफ-४सी, एफ-१४एचं एफ-१४बी. या दोघांमधला जो फरक, तेवढे भाग म्हणजे कन्व्हर्जन सेट: नवं नाक, नवा कॉकपिट, पाठीवरचा कणा, उभं शेपूट, इंजिनाचं नोझल. नुसतं कॉकपिट किंवा चाकं जास्त बारकाव्याने दाखवणारे भाग असतील तर तो डिटेल सेट. त्यात विमानाचा प्रकार बदलत नाही.

प्लॅस्टिकच्या भागांना धातूचा साचा लागतो आणि त्याचा खर्च भरपूर किट खपली तरच भरून निघतो. रेझिन म्हणजे साच्यात ओतल्यावर घट्ट होणारं द्रव. त्याला सिलिकॉन रबरचा साचा पुरतो. तो काही डझन वेळा ओतकाम केलं की झिजतो, फाटतो, पण मागणी थोडी असेल तर तेवढं चालतं. त्यामुळेच एकाच सेटच्या दोन डब्यांतही फरक पडतो. नव्या साच्यातला भाग धारदार कडांचा असतो. थकलेल्या साच्यातल्या भागावर पॅनेल लाइनमध्ये (पत्र्यांच्या जोडांच्या कोरलेल्या रेषांमध्ये) रेझिनचे दाणे आणि कडांना बुडबुडे दिसतात. विकत घेण्याआधी डबा उघडून बघायला मिळाला, तर नक्की बघा.

पहिलाच प्रयत्न आहे. कुठून सुरुवात करू?

ज्यात फ्यूजलाज म्हणजे विमानाचं धड कापायचं नाही अशा भागापासून: नोझल, इजेक्शन सीट, चाकं. त्यानंतर पॅनेल लाइनवर सरळ कापून लागणारं नाक किंवा शेपटाचं टोक. पूर्ण दोन आसनी पुढचा भाग तिसऱ्या-चौथ्या मॉडेलला घ्या. १/७२ स्केलपेक्षा (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या भागापेक्षा) १/४८ सोपं जातं, कारण प्लॅस्टिकची भिंत जाड असते आणि सांध्याला टेकायला जागा मिळते. १/३२ मध्ये भाग हाताळायला सोपे, पण भरीव रेझिनच्या वजनाचा प्रश्न मोठा होतो.

सेट एका कंपनीच्या किटसाठी आहे आणि घरी दुसऱ्या कंपनीचं किट आहे. चालेल का?

कधी चालतं, पण ते गृहीत धरू नका. सेट करणाऱ्याने एका ठरावीक किटचा काटछेद मोजूनच भाग बनवलेला असतो. दुसऱ्या किटमध्ये फ्यूजलाज अर्ध्या मिलिमीटरने रुंद निघालं, तरी सगळीकडून पायरी पडते. एकाच कंपनीने त्याच विमानाचं जुनं आणि नवं अशी दोन वेगळी किट काढलेली असतात, तेव्हा किटचा क्रमांकही जुळवा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे विमानाचा कोणता प्रकार पायाला घेताय. ब्रिटिश फँटममध्ये स्पे इंजिनं बसवल्यामुळे हवा घेणारी तोंडं मोठी झाली आणि मागचं फ्यूजलाज रुंद झालं. एफ-४जेला नुसतं नोझल बदलून ते होत नाही. एफ-४बीला पंखाच्या वर-खाली चाकांसाठीचे फुगवटे नाहीत, कारण चाकं अरुंद होती. एफ-४जेला ते आहेत. एफ-१६ मध्ये ब्लॉक ५० ला जनरल इलेक्ट्रिकचं इंजिन आणि मोठं तोंड, ब्लॉक ५२ ला प्रॅट अँड व्हिटनीचं इंजिन आणि लहान तोंड. नोझल बदललं आणि तोंड तसंच ठेवलं, तर जे विमान तयार होतं ते कधी उडालेलंच नाही. म्हणून ज्या विमानाचं मॉडेल करायचं, त्याच क्रमांकाच्या विमानाचे फोटो आधी गोळा करा.

भागाची लांबी बरोबर आहे हे कसं तपासायचं?

खरं माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि स्केलच्या आकड्याने भागा. हंटर टी.७ हे एफ.६ पेक्षा ३ फूट लांब, म्हणजे ९१४ मिमी. १/७२ ला भागिले तर १२.७ मिमी, १/४८ ला १९ मिमी. रेझिनचं नाक किटच्या नाकाशेजारी ठेवा, कापायच्या रेषेपासून टोकापर्यंत दोन्ही मोजा आणि फरक एवढाच येतो का पाहा. अर्ध्या मिलिमीटरची घट रेझिन आकसल्यामुळे आलेली असू शकते, ती सोडून द्या. दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर कापायची रेषा चुकतेय, किंवा सेटच चुकीचा आहे.

हंटरच्या बाबतीत मागेही बघावं लागतं. टी.७ मध्ये एव्हन १०० मालिकेतलं इंजिन आहे, एफ.६ मध्ये २०० मालिकेतलं, आणि त्याची शेपटीकडची नळी मोठी. एफ.६ च्या किटपासून टी.७ करताना ती नळीही बदलावी लागते. भारतासाठीच्या टी.६६ ला मात्र २०० मालिकेतलंच इंजिन आहे, तिथे किटची नळी चालते.

डबा उघडल्यावर पहिलं काम कोणतं?

सूचनापत्रकाशी ताडून भाग मोजा, आणि प्रत्येक भाग दिव्याखाली फिरवून बघा. बुडबुडे, तुटकी टोकं, वाकलेपणा टिपून ठेवा. बोटाला चिकट लागणारा भाग असेल, तर मिश्रणाचं प्रमाण चुकून रेझिन नीट घट्ट झालेलं नाही. असा भाग दुरुस्त होत नाही आणि त्यावर रंगही टिकत नाही. बदलून मागा.

मग धुणं. साचा सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर भागावर राहतो आणि त्याच्यावर ना गोंद धरत, ना प्राइमर (रंगाखालचं अस्तर). कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ टूथब्रश. खाचाखोचांतून ब्रश फिरवा, स्वच्छ पाण्याने धुवा, हवेवर वाळवा. लहान भाग गाळणीत धरून धुवा, नाही तर ते मोरीत जातात. रंगवण्याच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणखी एकदा पुसायचं.

रेझिनची धूळ खरंच धोकादायक आहे का?

हो. ती अतिशय बारीक असते, तरंगत राहते आणि फुप्फुसात जाऊन त्रास देते. घासकाम ओलं करा: वॉटर पेपर आणि पाण्याची वाटी. करवतीच्या पात्यालाही पाण्याचा थेंब लावा. मोटर टूल वापरायचंच असेल तर एन९५ किंवा त्याहून चांगला मास्क लावा आणि नंतर टेबल ओल्या फडक्याने पुसा. झाडू मारला की धूळ पुन्हा हवेत उडते. तोंडाला रुमाल बांधणं पुरेसं नाही.

ओतकामाचा ठोकळा कसा काढायचा?

जिथून रेझिन साच्यात ओतलं तिथे भागाला एक ठोकळा चिकटलेला राहतो. भागांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं ते इथेच, आणि तेही घाईमुळे.

आधी ठोकळा कुठे संपतो आणि भाग कुठे सुरू होतो, ते नक्की करा. सूचनापत्रकात छायांकित भाग दाखवलेला असतो. शंका असेल तर किटमधला तोच भाग शेजारी ठेवून उंची मोजा. रेझर सॉ म्हणजे बारीक दातांची पातळ करवत घ्या. तिचं पातं साधारण ०.२ ते ०.३ मिमी जाडीचं असतं आणि तेवढं रेझिन ती खाते. म्हणून रेषेवर कापू नका, ठोकळ्याच्या बाजूला अर्धा ते एक मिलिमीटर सोडून कापा. जोर लावू नका. पात्याच्या वजनानेच कापलं जाऊ द्या आणि चारही बाजूंनी थोडं-थोडं आत जा. एकाच बाजूने आरपार कापलं तर शेवटच्या क्षणी ठोकळा मोडतो आणि भागाचा कोपरा सोबत नेतो.

उरलेला मिलिमीटर घासून काढायचा. जाड काचेवर २४० नंबरचा वॉटर पेपर चिकटवा, पाणी टाका आणि भाग आठच्या आकड्यात फिरवा. चारपाच फेऱ्यांनी भाग वळवून धरा, म्हणजे हाताचा कल एका बाजूला जाणार नाही. कॉकपिटचा तळ किंवा चाकांच्या कप्प्याचं छत असं पातळ होत आलं की भाग दिव्यासमोर धरून बघा. आधी मधोमध फिकट पिवळट उजेड दिसतो, मग तो कडेकडे सरकतो, आणि कडेला रेझिनचा पापुद्रा सुटायला लागतो. तो पापुद्रा नखाने निघाला की थांबा. तिथून पुढे ४०० नंबरच्या दोन फेऱ्या पुरेत.

भाग वाकडा आलाय. फेकू का?

नाही. साधारण ६० ते ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात तो अर्धा ते एक मिनिट ठेवा, चिमट्याने काढा, सपाट काचेवर हलकेच सरळ करा आणि लगेच गार पाण्यात सोडा. उकळतं पाणी नको. पातळ कडा त्यात लुळ्या पडून नवीनच आकार घेतात. लांब, पातळ भाग पुढे उन्हाने किंवा स्वतःच्याच भाराने पुन्हा वाकतात. पंखात लांबीच्या दिशेने खाच पाडून पितळी सळई बसवा. चाकांचे दांडे फक्त रेझिनचे असतील तर ते काही महिन्यांत झुकतात; किटमधले किंवा धातूचे वापरा.

प्लॅस्टिकचं फ्यूजलाज कसं कापू? जोडण्याआधी की नंतर?

खुणा जोडून, काप सुटे.

दोन्ही अर्धे मास्किंग टेपने घट्ट बांधा. काप शक्यतो पॅनेल लाइनवरच येतो. त्या रेषेवर लेबल छापायची जाड, ताठ टेप फ्यूजलाजभोवती पूर्ण गुंडाळा. टेपचं सुरुवातीचं टोक आणि शेवटचं टोक एका रेषेत आलं तरच कापाची रेषा विमानाच्या अक्षाला काटकोनात आहे. टेपच्या कडेने स्क्राइबरच्या (रेषा कोरायच्या हत्याराच्या) टोकाने चार-पाच हलक्या फेऱ्या मारा. आता अर्धे सुटे करा आणि प्रत्येक अर्धा खाचेच्या टाकाऊ बाजूने एक मिलिमीटर सोडून करवतीने कापा. मग अर्धे चिकटवा, गोंद एक दिवस वाळू द्या आणि उरलेला मिलिमीटर काचेवरच्या वॉटर पेपरवर घासत खाचेपर्यंत आणा. चिकटवण्याआधीच रेषेपर्यंत घासलं, तर दोन अर्ध्यांत बारीकसा फरक राहतोच आणि नाक तिरपं बसतं. सांध्यावर १ अंशाची चूक म्हणजे ८० मिमी लांब नाकाच्या टोकाशी १.४ मिमी. ती नजरेला लगेच खुपते.

कापलेलं किटचं नाक टाकून देऊ नका. मोजमापाला, रंगाच्या चाचणीला आणि पॅच म्हणून ते पुढे बरंच कामी येतं.

प्लॅस्टिकचा गोंद रेझिनला का चालत नाही? मग काय वापरू?

प्लॅस्टिकचा गोंद पॉलिस्टायरीन विरघळवून दोन भाग एकजीव करतो. या सेटचं रेझिन पॉलियुरेथेनचं असतं, ते त्यात विरघळत नाही, म्हणून सांधा धरतच नाही. सुपरग्लू किंवा दोन भागांचं इपॉक्सी वापरा.

लहान भागांना सुपरग्लू. नाकासारख्या मोठ्या सांध्याला पाच मिनिटांचं इपॉक्सी, कारण सरळ करायला तीन-चार मिनिटं मिळतात. सुपरग्लू ओढ सहन करतो, पण बाजूने बसलेला धक्का त्याला सोसत नाही. म्हणून सांध्यात पितळी पिना घाला: १/७२ ला ०.८ मिमी, १/४८ ला १ ते १.२ मिमी. समोरासमोर भोकं जुळवायला सोपी युक्ती आहे. एका बाजूला पिन बसवून एखादा मिलिमीटर बाहेर ठेवा, टोकाला रंगाचा ठिपका लावा आणि दुसरा भाग नेमक्या जागी धरून दाबा. ठिपका उमटतो तिथेच भोक पाडा.

फ्यूजलाजच्या कापलेल्या कडेला आतून १ मिमी जाड प्लॅस्टिक शीटचा पडदा बसवला, तर रेझिनला टेकायला पूर्ण सपाट जागा मिळते. मध्ये कॉकपिट किंवा हवेची नळी येत असेल तर कडेने ५ मिमी रुंद पट्ट्या लावा.

नाक बसवलं, पण सांध्यावर पायरी राहते. पुट्टीने भरू का?

पुट्टी शेवटी. पायरी का आली ते आधी शोधा. रेझिन घट्ट होताना थोडं आकसतं, साधारण एक टक्क्यापर्यंत. ४० मिमी रुंदीवर ते ०.४ मिमी होतं.

रेझिन मोठं आणि फ्यूजलाज अरुंद असेल, तर फ्यूजलाजच्या वरच्या किंवा खालच्या शिवणीत ०.२५ किंवा ०.५ मिमी जाडीची प्लॅस्टिकची पट्टी घालून ते फुगवा. फ्यूजलाज रुंद असेल तर शिवणीच्या कडा घासून ते आवळा. दोन्ही गोष्टी अर्धे चिकटवण्याआधीच करता येतात, म्हणून कोरडी जुळवणी गोंदाच्या आधी निदान तीनदा व्हायला हवी.

तरीही फरक उरला तर तो पोटाच्या बाजूला ढकला. वरची रेषा आणि कॅनोपीची (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची) कड नेमकी जुळलीच पाहिजे. बघणाऱ्याची नजर तिथेच जाते. घासताना लक्षात ठेवा की रेझिन प्लॅस्टिकपेक्षा लवकर झिजतं. सांध्यावर मऊ स्पंज फिरवला तर रेझिनच्या बाजूला खळगा पडतो. कडक पट्टीवर लावलेला पेपर घ्या आणि तो सांध्याला तिरपा फिरवा.

बारीक फटीला सुपरग्लूत टाल्कम पावडर मिसळून भरा. नुसता सुपरग्लू एक रात्र राहिला की प्लॅस्टिकपेक्षा कडक होतो आणि घासताना त्याची उंच वरंबी उरते. पावडर घातली की तो मऊ राहतो. तरी दोन-तीन तासांच्या आतच घासून घ्या. मोठ्या फटीला इपॉक्सी पुट्टी: ओल्या बोटाने सपाट केली की घासकाम निम्मं होतं.

रेझिनचा कॉकपिट फ्यूजलाजमध्ये मावत नाही.

हे जवळपास प्रत्येक सेटमध्ये होतं. कॉकपिटच्या बाजूच्या भिंती आणि किटच्या भिंती मिळून जाडी दुप्पट होते. किटच्या भिंतीवरचे आतले उंचवटे पूर्ण काढा, मग भिंत अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास येईपर्यंत खरवडा. मोटर टूल कमी वेगात ठेवा. वेग वाढला की प्लॅस्टिक वितळून बिटला गुंडाळलं जातं. मधूनमधून भिंत दिव्यासमोर धरा.

उंचीचीही अडचण येते. कॉकपिटखाली पुढच्या चाकाचा कप्पा असतो, आणि दोन्ही रेझिनचे असतील तर मध्ये जागाच उरत नाही. कॉकपिटचा तळ आणि कप्प्याचं छत दोन्ही आळीपाळीने घासा. जुळवणी पाहताना डॅशबोर्ड आणि पुढची काचही ठेवून बघा, कारण कॉकपिट बसला आणि काच वर राहिली असं फार वेळा घडतं.

मॉडेल शेपटीवर बसू नये म्हणून किती वजन घालू?

रेझिन प्लॅस्टिकपेक्षा फार जड नसतं. पण भाग भरीव असल्याने वजन वाढतं. नाक रेझिनचं असेल तर काम आपोआप होतं. नोझल आणि शेपूट रेझिनचं असेल तर हिशेब करावा लागतो. १० ग्रॅमचं नोझल मुख्य चाकांच्या ८० मिमी मागे असेल, तर चाकांच्या १०० मिमी पुढे ८ ग्रॅम लागतात. १०० ऐवजी ४० मिमीच पुढे जागा असेल तर २० ग्रॅम.

हिशेबावरच थांबू नका. फ्यूजलाज बंद करण्याआधी सगळे भाग टेपने लावा, मुख्य चाकं येतात त्या रेषेखाली पेन्सिल आडवी ठेवा आणि नाक खाली झुकेपर्यंत वजन वाढवा. त्यावर आणखी पाव भाग घाला. शिसं किंवा स्टीलचे छर्रे इपॉक्सीने पक्के बसवा. या वजनामुळे पुढच्या चाकाच्या दांड्यावरही भार येतो, तेव्हा तो धातूचा असलेला बरा.

व्हॅक्यूम पद्धतीची पातळ कॅनोपी कशी कापायची?

आतून मातीसारखा चिकट पुट्टीचा गोळा भरा, म्हणजे ती दबत नाही. चौकटीच्या रेषेवर नव्या पात्याने हलक्या फेऱ्या मारा आणि कड वॉटर पेपरवर घासून बसवा. सुपरग्लूच्या वाफेने काच धुरकट होते, म्हणून पांढरा गोंद वापरा. दोन आसनी सेटमध्ये बहुतेक वेळा एकच कॅनोपी असते, तेव्हा पहिला काप मोठाच ठेवा.

घासताना पॅनेल लाइन गेल्या. पुन्हा कशा काढू?

ताठ टेप लावा आणि सुई किंवा स्क्राइबर जोर न देता दहा-बारा वेळा ओढा. रेझिनवर रेषा सहज उमटते. सांध्यावर सुपरग्लू कडक झाला असेल तर सुई घसरते. तिथे प्रत्येक फेरीला आधीपेक्षा हलका हात ठेवा. रेषा काढून झाली की तिच्यात थोडा पातळ प्लॅस्टिक गोंद फिरवला तर प्लॅस्टिकच्या बाजूच्या खरबरीत कडा बसतात. रेझिनच्या बाजूला त्याचा उपयोग नाही, तिथे टूथब्रश पुरतो.

प्राइमर लागतोच का?

लागतो. पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक रंग थेट रेझिनवर मारला की मास्किंग टेपबरोबर सोलून येतो. लॅकर प्राइमर सर्वांत घट्ट धरतो. तो एकदा मारला की बुडबुड्यांची टाचणीएवढी भोकं उघडी पडतात. ती भरा, घासा, पुन्हा मारा. चकचकीत धातूचा रंग द्यायचा असेल तर हा फेरा तीन-चारदा होतो, आणि त्याला पर्याय नाही.

हल्ली मिळणारे थ्रीडी प्रिंट केलेले भाग वेगळे आहेत का?

हो. ते अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे असतात. बारकावे सुरेख, पण भाग ठिसूळ. आधाराच्या काड्या मोडू नका, बारीक कटरने भागापासून थोड्या लांब कापा. वक्र पृष्ठावर थरांच्या पायऱ्या दिसल्या तर प्राइमर मारून घासा. गोंद, मास्क, प्राइमर यांचे नियम तेच.

नाक वाकडं चिकटलं. आता?

इपॉक्सी पहिल्या पाच-दहा मिनिटांत असेल तर सरळ ओढून काढा आणि अल्कोहोलने पुसा. सुपरग्लू असेल तर मॉडेल पिशवीत बंद करून दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवा. थंडीने गोंद ठिसूळ होतो आणि बाजूने हलका झटका दिला की सांधा सुटतो. अ‍ॅसिटोनने सुपरग्लू निघतो, पण त्याबरोबर फ्यूजलाजही वितळतं, ते टाळा. पिना घातल्या असतील किंवा इपॉक्सी पूर्ण वाळलं असेल, तर सांध्यावरच रेझर सॉ फिरवा, पिना कापा आणि करवतीने खाल्लेल्या ०.३ मिमीच्या जागी तेवढ्याच जाडीची प्लॅस्टिक शीट घाला. दुसऱ्यांदा बसवताना नाकाच्या टोकापासून उभ्या शेपटापर्यंत काळा दोरा ताणून धरा आणि बरोबर वरून बघा. दोरा कॅनोपीच्या मधोमध आणि पाठीच्या शिवणीवर पडला, की मगच इपॉक्सी कालवा.